रिटर्न भरणारा वेगळा, सीए वेगळा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी पोहे-जलेबी संपेपर्यंत धंद्याचं कोणी बोलत नाही. या रविवारी संजू पेढेच घेऊन आला. सांवेर रोडला त्याचा शेवेचा छोटा कारखाना आहे. जळगावच्या एका दुकानदारानं दर महिन्याला दीडशे किलोची ऑर्डर दिली होती.

"बिल कसं देणार?" नानांनी विचारलं. नाना बँकेतून रिटायर झालेले. पेढा तोंडात असतानाही शंका काढतात.

"नेहमीसारखं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे ना मी, छोट्या धंद्यांच्या, उलाढालीवर एक टक्का भरला की झालं."

"मग माल जळगावला जायचा नाही. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकता येत नाही."

"भिया, जळगाव काय परदेश आहे? मावशी राहते माझी तिथं!"

मावशीची सवलत जीएसटीत नाही. "तुझा रिटर्नवाला काही बोलला नाही?" मी विचारलं.

"त्याला कुठं विचारलं? तो तिमाहीचं भरतो, पाचशे घेतो."

बंडू सरसावला. त्याचं स्टेशनरीचं दुकान. "पाचशेत भागतंय तर सीएला हजारो रुपये कशाला? मी स्वतः मोबाइलवर भरतो. वर्षातून चारदा टॅक्स भरायचा फॉर्म सीएमपी-08, शेवटी वर्षाचं रिटर्न जीएसटीआर-4. त्यात काय अक्कल लागते?"

बंडूचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. त्याच्या वह्या-पेनं चार गल्ल्यांच्या बाहेर जात नाहीत. संजूच्या धंद्याला मात्र पाय फुटलेत.

"कंपोझिशन सोडून रेग्युलर जीएसटीत जावं लागेल," नाना म्हणाले. "शेवेवर पाच टक्के लावायचे. जळगाववाला रेग्युलरमध्ये असेल तर त्याचं काही जात नाही, त्याला क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स त्याच्या देण्यातून वजा होतो."

"आणि इथली किराणा दुकानं?" बंडूनं बरोबर नस पकडली. "अर्धे तर माझ्यासारखे कंपोझिशनवाले. त्यांना कसलं क्रेडिट? एका जळगावपायी सगळ्या इंदूरच्या मालावर पाच टक्के?"

संजूचा चेहरा उतरला. पण नाना थांबले नाहीत. "तुझं तळणीचं मशीन कधीचं?"

"दिवाळीनंतरचं. चार लाख, वर अठरा टक्के."

म्हणजे बहात्तर हजार रुपये टॅक्स. कंपोझिशनमध्ये ते पैसे गेले म्हणायचे. रेग्युलरमध्ये गेलं की त्यातले बरेचसे क्रेडिट म्हणून मिळतात. दर तिमाहीला पाच टक्के कमी होतात. तीन तिमाही धरल्या तरी 61,200 उरतात. गोदामातलं बेसन, तेल, पॅकिंगची फिल्म यांचंही मिळतं. त्यासाठी 30 दिवसांत आयटीसी-01 हा क्रेडिट मागायचा फॉर्म भरायचा, आणि बिलाला वर्ष उलटलं की क्रेडिट बुडालं. हे नानांनी बोटांवर मोजून सांगितलं तेव्हा बंडूही गप्प बसला. थोडाच वेळ.

"मग नानाच करतील की! फुकटात!"

"मी कट्ट्यावर सांगतोय, सही करत नाही," नाना म्हणाले. "क्रेडिट दोन लाखांच्या वर गेलं तर सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट लागतं. सीएच्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन म्हणजे त्या सर्टिफिकेटचा ओळख नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. कामात हलगर्जी केली तर 1949च्या कायद्यानं बनलेल्या त्यांच्या संस्थेकडे तक्रार करता येते. तुझ्या पाचशेवाल्याची कुठं करणार?"

माझं म्हणणं जरा वेगळं. तक्रारीची वेळ येते तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. सीएला पैसे द्यायचे ते ट्रक भरायच्या आधी फोन करता यावा म्हणून. जळगावची ऑर्डर घ्यावी की सोडावी, घेतली तर कोणत्या तारखेपासून रेग्युलर व्हावं, इंदुरातला भाव किती वाढवावा, हा हिशेब पोर्टलवरच्या कुठल्या रकान्यात मांडलेला नसतो. नुसते फॉर्म भरून घ्यायचे असतील तर पाचशेवाला काय वाईट?

"एक बघ," मी संजूला म्हटलं, "पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे? नोटीस आली तर तिथंच कळणार. उघड आत्ता."

संजूनं मोबाइल काढला, परत खिशात ठेवला.

"पासवर्ड त्याच्याकडे आहे."

"ओटीपी?"

"तोही त्याच्याकडेच जातो वाटतं. मी कधी बघितलाच नाही."

"पहिले तो नंबर बदल," बंडू म्हणाला. "सीएचं मग बघू."