पडद्याशेजारचा डायल: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरी बांधत असलेल्या दोन आसनी विमानाच्या पॅनेलचा, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीचा, आराखडा मी गेल्या महिन्यात मांडला होता, त्यावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे : वेग, उंची वगैरे सगळे दाखवणारा दहा इंची इलेक्ट्रॉनिक पडदा बसवल्यावर त्याच्या डावीकडे वेगाचा आणि उंचीचा असे दोन गोल डायल एकाखाली एक बसवणे ही जागेची आणि पैशांची नासाडी आहे, उंचीचा डायल डावीकडे नेल्यामुळे उपकरणांची सर्वमान्य ‘टी’ रचना मोडली आहे, खालच्या पट्टीतले सातही स्विच एकसारखे असून फ्यूएल पंपाचा स्विच लँडिंग लाइटला खेटून आहे, आणि पॅनेलचा पत्रा तीन तुकड्यांत कापणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शेवटी, हे पॅनेल बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयातच शोभेल, असा शेराही आपण मारला आहे. शेरा आवडला, परंतु त्या संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानांनी आपल्या काळात माणसांना सुखरूप घरी आणले होते, एवढे मात्र त्यांच्या वतीने सांगितले पाहिजे.

स्विचांबाबतचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो आधी माझ्याच लक्षात यायला हवा होता. १९४३ च्या सुमारास अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक धावपट्टीवर उतरल्यानंतर पंखांच्या मागच्या काठाचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच मिटवत असत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चॅपॅनिस यांनी पाहिले तेव्हा दोन्हींचे स्विच शेजारी-शेजारी आणि एकाच घडणीचे होते. त्यांनी चाकांच्या स्विचला छोटे रबरी चाक आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीच्या आकाराचा तुकडा जोडला, आणि त्या चुका थांबल्या. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुका तपासल्या, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्या एका कळीऐवजी दुसरी कळ हलवल्यामुळे झाल्याचे आढळले. हे सर्व वाचलेले असूनही मी सात स्विच एका रांगेत मांडले, कारण कागदावर ती रांग देखणी दिसत होती. माझ्या आराखड्यातली चूक अधिक वाईट अशासाठी की ती बोलत नाही. उड्डाणानंतर दिवा बंद करताना हातून पंप बंद झाला, तरी इंजिनाचा स्वतःचा पंप चालू असेपर्यंत काहीच कळणार नाही. कळेल ते तो पंप दगा देईल त्या दिवशी. आता पंपाचा स्विच रांगेतून काढून थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्याच्या, डाव्या अंगाला घेतला आहे. त्याचे टोक ओढल्याशिवाय तो हलणार नाही आणि डोळे मिटूनही बोटांना ओळखू येईल.

‘टी’ रचनेबाबत मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. मध्यभागी वर विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा ही मांडणी ढगात शिरल्यावर बाहेरचे काहीच दिसत नसताना नजरेला फिरायला ठराविक वाट मिळावी म्हणून आहे. ती आकाशातून पडलेली नाही. ब्रिटिश हवाईदलाने १९३७ च्या सुमारास सहा उपकरणांचे जे प्रमाणित पॅनेल स्वीकारले, त्यात उंचीमापक वेगदर्शकाच्या खाली, म्हणजे नेमका माझ्या आराखड्यात होता तिथेच होता. माझे विमान दिवसा आणि स्वच्छ हवेतच उडायचे आहे, त्यामुळे ‘टी’ मोडल्याचे मला फारसे दुःख नव्हते. परंतु आपण पुढे जे लिहिलेत त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पडद्यावर उंची उजव्या काठाला दिसते, म्हणजे वैमानिकाची नजर महिनोन्महिने उजवीकडे जाऊन अंगवळणी पडणार, आणि ज्या दिवशी पडदा काळा होईल त्या दिवशी तीच नजर उजवीकडे जाऊन रिकाम्या पत्र्यावर आदळणार. मी पुठ्ठ्याच्या नमुन्यात बसून पडद्यावर काळा कागद लावला आणि पुतण्याला अवचित ‘उंची?’ असे ओरडायला सांगितले. दहापैकी सात वेळा मी उजवीकडे पाहिले. उंचीचा डायल उजवीकडे हलवला आहे. त्यापायी रेडिओ चार बोटे खाली गेला आणि वारंवारिता बदलताना मान झुकवावी लागणार आहे, पण ते वाईट मी पत्करले.

वेगाचा डायल मात्र मी हलवणार नाही आणि काढणारही नाही. पडद्यावर वेगाची पट्टी आहेच, मग दुसरा वेग कशाला, असे आपण विचारता. पट्टीवरचा वेग वाचावा लागतो, डायलवरचा नुसता दिसतो. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात माझी नजर धावपट्टीवर असते आणि आत डोकावायला क्षणभराची उसंत असते. मी घेतलेल्या डायलवर ५५ नॉटला, म्हणजे या विमानाच्या उतरण्याच्या वेगाला, काटा तीन वाजल्यासारखा बरोबर आडवा होतो. तो वर सरकला की वेग घटतो आहे, खाली झुकला की वाढतो आहे. आकडा पाहण्याची गरज नाही. म्हणूनच तो पॅनेलच्या वरच्या काठाला, काचेच्या अगदी खाली आहे. वेग कुठे चालला आहे हे दाखवणारा बाण पडद्यावरही असतो हे मला ठाऊक आहे, आणि तिशीतल्या डोळ्यांना तो पुरेसाही असेल. माझे डोळे अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. पॅनेल माझ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर येते, आणि दुहेरी भिंगांच्या चष्म्यात ते अंतर नेमके दोन भिंगांच्या मध्ये पडते. त्यात आपल्या किनाऱ्यावरची संध्याकाळ : पश्चिमेला तोंड केले की समुद्रावरचे ऊन डोळ्यांत येऊन पॅनेल काळवंडते, पूर्वेला वळले की तेच ऊन मागून पडद्यावर पडते. काळ्या तबकडीवरचा पांढरा जाड काटा दोन्हीकडे दिसतो.

याच मुद्द्यात माझ्या मूळ लेखातला एक दावा मला मागे घ्यायचा आहे. डायल हा पडद्याला स्वतंत्र पर्याय आहे, असे मी लिहिले होते. तो विजेपासून स्वतंत्र आहे, हवेपासून नाही. दोन्हींना दाब मिळतो तो एकाच पिटो ट्यूबमधून, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीतून. श्रावणात मी ती ट्यूब पडवीत दोन दिवस उघडी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी फुंकर मारली तर हवा जाईना. कुंभारीण माशीने तोंडाशी चिखलाचा बोळा पक्का बसवला होता, वरून बोटाने गुळगुळीत केल्यासारखा. डोमिनिकन प्रजासत्ताकात १९९६ मध्ये पोर्तो प्लाताजवळ १८९ माणसांसह समुद्रात कोसळलेल्या प्रवासी विमानाची पिटो ट्यूबही बहुधा अशाच माशीने बुजवली असावी, असा निष्कर्ष निघाला होता. तिथे निदान सहवैमानिकासमोरचा दुसरा वेगदर्शक बरोबर होता. माझ्याकडे डायल आणि पडदा दोघेही एकमताने खोटे बोलतील. यावर पॅनेलच्या मांडणीत उपाय नाही. ट्यूबला टोपी घालणे आणि धावपट्टीवर धावताना काटा जिवंत झाला नाही तर तिथेच थांबणे, एवढेच हाती आहे.

तीन तुकड्यांबद्दल थोडक्यात. पॅनेलचा पत्रा भार पेलत नाही, भार मागची चौकट पेलते, त्यामुळे कमकुवतपणाची भीती नको. उलट, एकसंध पत्र्यामागची एक सैल जोडणी शोधण्यासाठी आसनात उलटे पडून, पाय आसनाच्या पाठीवर टाकून, तोंडात टॉर्च धरून काम करण्याचा योग मी एका मित्राच्या विमानात अनुभवला आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या हिरव्या पडतातच. चार स्क्रू काढून एक तुकडा मांडीवर घेता यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

होकायंत्राबद्दल आपण काही लिहिले नाहीत, पण तेही हलवले आहे. पॅनेलवर असताना लँडिंग लाइट लावला की सुई दहा अंश वळत होती. लोखंडी स्क्रूंच्या जागी पितळी लावून आणि दिव्याच्या दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ देऊनही तीन अंश उरलेच, म्हणून ते काचेच्या वरच्या चौकटीला टांगले.

घरी बांधलेले विमान उडवण्याच्या परवानगीबद्दलचा आपला प्रश्न रास्त आहे. घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत किती वर्षे गेली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण तो या उत्तराचा विषय नाही.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. पॅनेलचा वरचा काठ मी माझ्या पाच फूट पाच इंचांच्या बेताने कापला आहे, आणि आपण सहा फूट असल्याचे लिहिले आहे. खांदेपट्टे घट्ट बांधल्यावर माझा हात उजवीकडच्या शेवटच्या सर्किट ब्रेकरपर्यंत पोहोचत नाही. आपला पोहोचेल, पण त्याच बैठकीतून आपल्याला वेगाचा काटा काठाखाली झाकलेला दिसेल अशी मला शंका आहे. पत्रा कापायला अजून तीन आठवडे आहेत. एखाद्या रविवारी डिचोलीला येऊन पुठ्ठ्याच्या कॉकपिटमध्ये अर्धा तास बसावे, ही विनंती. येताना रोजचाच चष्मा आणावा.