बक्षिसी वेटरची, गल्ला तुमचा

हॉटेल काढताय ना? मग वेटरांच्या पगाराची धास्ती सोडा. पगार गिऱ्हाईक देतं. तुम्ही फक्त मध्ये उभं राहायचं.

आधी बिलाच्या तळाशी 'सेवा शुल्क १० टक्के' अशी ओळ घाला, करांच्या पंगतीत बसवून. निम्मी गिऱ्हाइकं तिला सरकारी कर समजतील. उरलेल्यांना वाटेल, हे पैसे वेटरलाच मिळणार. मग हातात काढलेली नोट ती परत खिशात ठेवतील. दोन्ही गैरसमज तुमच्या पथ्यावर पडणारे आहेत, उगाच दूर करू नका. कुणी हुज्जत घातलीच तर 'ऐच्छिक आहे' हे वेटरच्या तोंडून वदवा. समोर उभ्या असलेल्या पोराला 'काढून टाक' म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही. ज्याला त्यातला छदाम मिळत नाही, त्यानेच त्याची वकिली करायची! ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार.

जमलेले पैसे लगेच वाटत सुटू नका. फुटलेल्या कपबश्या, कार्डाच्या मशीनचं कमिशन, गणवेशाची धुलाई असा खर्च असतोच. रोख टीपही 'सगळ्यांच्या डब्यात' टाकायला लावा आणि कारण म्हणून आत भांडी घासणाऱ्याचं नाव सांगा. डब्याची किल्ली मॅनेजरकडे.

आदर्शच हवा असेल तर अमेरिका बघा. तिथे टीप मिळवणाऱ्याला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ७.२५ डॉलरच्या किमान वेतनापर्यंतची भर टिपांनी पडते. कमी पडली तर मालकाने भरून द्यायची, असा नियम आहे खरा. पण हिशेब मागणाऱ्याच्या पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या तुम्हीच लावता ना?

ब्रिटनच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून कर सोडला तर टीप आणि सेवा शुल्काची पै न् पै कामगारांना द्यावी लागते. भारतातही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हे शुल्क बिलात परस्पर जोडायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नाव बदलून घ्यावं म्हणाल, तर तीही पळवाट बुजवलेली.

मेनूतले दर वाढवून पगार देता येतो, त्याला कुठेच बंदी नाही. पण मग ते पैसे पगाराचे आहेत हे वेटरलाही कळेल, आणि तो एक तारखेला येऊन मागेल.