२१ दिवस इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘इन्सुलिनचं १०० वर्षं दडवलेलं सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या आणि मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे तो ताईच्या सासूबाईंकडून आला. माझी भाची तेरा वर्षांची आहे. तिला टाइप वन डायबिटीस आहे आणि ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. मेसेज वाचून सासूबाई ताईला म्हणाल्या, “किती सुया टोचायच्या गं त्या पोरीला, एकवीस दिवस बंद करून बघूया की.” नातीवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्या असं म्हणाल्या. माझा राग त्यांच्यावर नाही. हा मजकूर बसून, जुळवून, खाली हात जोडल्याची चिन्हं टाकून ज्याने कोणी लिहिला, त्याच्यावर आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: इन्सुलिन डुकरांच्या आणि मेलेल्या माणसांच्या अवयवांतून काढतात. हल्ली ते जीन बदललेल्या जंतूंपासून बनवतात आणि ते जंतू आपलेही जीन बदलतात. १९२१ च्या आधी इन्सुलिन नव्हतं तरी आपले पूर्वज ठणठणीत होते, मधुमेह हा कंपन्यांनी आणलेला रोग आहे. इंजेक्शन सुरू केलं की स्वादुपिंड झोपी जातं आणि कायमची सवय लागते. शोध लावणारे कोट्यधीश झाले. म्हणून २१ दिवस इन्सुलिन बंद ठेवा, आयुर्वेदाप्रमाणे कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घ्या, हे म्हणे लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातही सिद्ध झालंय.

त्या २१ दिवसांबद्दल आधी बोलते. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा जीव घेणारा आहे.

टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर तुंबते, पण पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. पुढे ग्लानी, मग बेशुद्धी. याला २१ दिवस लागत नाहीत. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर एक-दोन दिवसांत मूल आयसीयूत पोचू शकतं. एकवीस हा आकडा मेसेज लिहिणाऱ्याने कुठून आणला ते त्यालाच माहीत.

आता ते ठणठणीत पूर्वज. १९२१ च्या आधी टाइप वन झालेली मुलं जगत नव्हती, एवढं साधं उत्तर आहे. त्या काळी अमेरिकेतले मोठे मधुमेहतज्ज्ञ फ्रेडरिक अ‍ॅलन या मुलांवर जो उपचार करत, तो होता उपासमारीचा. खाणं इतकं कमी करायचं की लघवीत साखर उतरू नये. त्याने मरण थोडं लांबायचं, आणि काही मुलं तर त्या उपासमारीनेच जायची. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. पैशांची, डॉक्टरांची कसलीच कमतरता नव्हती. तरीही ऑगस्ट १९२२ मध्ये, पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या सुमारास, तिचं वजन २० किलोच्या आसपास उतरलं होतं. त्याच महिन्यात टोरांटोला तिला इन्सुलिन सुरू झालं. तिचं पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली आणि ती १९८१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी गेली. जवळपास ६० वर्षं ती या इंजेक्शनवर जगली.

तिच्याही आधीचा लिओनार्ड थॉम्पसन. वय १४, माझ्या भाचीपेक्षा एका वर्षाने मोठा. टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये तो शेवटच्या टप्प्यात होता. ११ जानेवारी १९२२ ला त्याला इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचला. तो पुरेसा शुद्ध नव्हता. साखर थोडीच उतरली, कीटोन तसेच राहिले आणि टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने पुढचे दिवस तो अर्क शुद्ध करण्यात घालवले आणि २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. या वेळी साखर उतरली आणि लघवीतले कीटोन गेले. लिओनार्ड आणखी १३ वर्षं जगला, न्यूमोनियाने गेला. सासूबाईंना मी हेच सांगितलं: ज्या आजीला १९२० साली असा नातू होता, तिच्यापुढे निवडायला काही नव्हतंच.

स्वादुपिंड ‘झोपी जातं’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. ही मुलं इन्सुलिनचं एकही इंजेक्शन न घेता मरत होती. मग त्यांचं स्वादुपिंड कोणी झोपवलं? १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला, तेव्हापासून जगाला ठाऊक आहे की दोष या अवयवात आहे. इंजेक्शन त्यानंतर तेहतीस वर्षांनी आलं. रोज पाणी लागतं म्हणून कोणाला पाण्याचं व्यसन आहे असं आपण म्हणत नाही.

आणि मधुमेह कंपन्यांनी आणला म्हणताना हा माणूस आयुर्वेदाची शपथ घेतो, तेव्हा मला जास्तच चीड येते. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकाराचे, दोन प्रकार स्वच्छ सांगितले आहेत, एक सहज म्हणजे जन्मतःच आलेला आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल आणि खादाड. आजच्या टाइप वन आणि टाइप टूशी (ज्यात इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही) हे तंतोतंत जुळतं असं मी म्हणणार नाही, पण काटकुळ्या रोग्याचा मधुमेह वेगळा असतो हे त्या काळच्या वैद्याला दिसलं होतं. ज्याला आयुर्वेदाचा अभिमान आहे त्याने निदान सुश्रुत तरी उघडून बघावा.

डुकराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, तो मान्य करावा लागेल. साठएक वर्षं इन्सुलिन गाई-डुकरांच्याच स्वादुपिंडापासून निघत होतं. साधारण २२५ ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी जवळपास २ टन स्वादुपिंडं लागायची, सगळा माल कत्तलखान्यांतून यायचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सॅंगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम उलगडला आणि कळलं की डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे, गाईच्या बाबतीत तीनांचा. त्यामुळे ते चालायचं, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी यायची. धार्मिक अडचण तर आपल्याकडे अनेक घरांत होती. पण हा जवळजवळ सगळा भूतकाळ आहे. भाचीच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘आर-डीएनए ओरिजिन’, म्हणजे जनावरापासून नव्हे तर जीन-तंत्राने बनवलेलं, असं छापलेलं आहे, कोणीही वाचावं.

मेलेल्या माणसाच्या अवयवांची गोष्ट तर धादांत खोटी आहे. याचं उत्तर एका शोधनिबंधात मिळतं. गोडेल, इटाकुरा, रिग्ज आणि सहकाऱ्यांनी तो जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापला. तो आज फुकट वाचता येतो, आणि मी तो वाचलाय. जंतूत घातलेला इन्सुलिनचा जीन त्यांनी कोणाच्याही शरीरातून काढलेला नव्हता. अमिनो आम्लांचा क्रम सॅंगरमुळे माहीत होता. त्यावरून डीएनएची अक्षरं मांडून त्यांनी प्रयोगशाळेत, बाटल्यांतल्या रसायनांपासून, डीएनएचे २९ छोटे तुकडे बनवले. इन्सुलिन ए आणि बी अशा दोन साखळ्यांचं बनतं; ११ तुकडे जोडून ए साखळीचा जीन आणि १८ जोडून बी साखळीचा. माणसाच्या शरीरातल्या जीनवर काम करायला त्या वेळी अमेरिकेत कडक निर्बंध होते. हार्वर्डच्या स्पर्धक गटाला त्यासाठी इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊनच्या लष्करी प्रयोगशाळेत जावं लागलं होतं. कृत्रिम डीएनएवर ते निर्बंध नव्हते.

पुढची युक्ती मला फार आवडते. एवढीशी इन्सुलिनची साखळी जंतू आत बनवतो आणि लगेच तोडून खातो, म्हणून त्यांनी ती जंतूच्याच एका मोठ्या प्रथिनाला जोडली आणि सांध्यावर मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन साखळी फक्त मेथिओनिनपाशी कापतं, आणि इन्सुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही. त्यामुळे मोठं प्रथिन बाजूला पडतं आणि इन्सुलिनची साखळी अखंड सुटी होते. मग दोन्ही साखळ्या शुद्ध करून जोडायच्या. ही पद्धत पुढे कारखान्यांत बदलली, आपल्याकडे बायोकॉन तर जंतूऐवजी यीस्ट वापरते. पण सुरुवात इथून झाली. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘ह्युम्युलिन’ला परवानगी मिळाली. जीन-तंत्राने बनलेलं ते पहिलं मंजूर औषध.

आता ‘जंतू तुमचे जीन बदलतात’. मी महाप्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आम्ही इन्सुलिन बनवत नाही, पण इंजेक्शनं बनवतो आणि जंतूंचे अवशेष शोधणं हे माझं रोजचं काम आहे. त्यासाठी एलएएल चाचणी असते. हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या रक्तपेशींचा अर्क नमुन्यात मिसळायचा आणि नळी एक तास ३७ अंशांवर अजिबात न हलवता ठेवायची. मग ती पूर्ण उलटी करायची. आतला घट्ट गोळा तळाला चिकटून राहिला तर जंतूच्या पेशीभित्तिकेचं विष मर्यादेपेक्षा जास्त आहे, अख्खी बॅच अडकते. पातळ राहून ओघळलं तर पास. जिथे मेलेल्या जंतूच्या कवचाचा इतका बारीक अंश पकडतात, तिथे इंजेक्शनमधून जिवंत जंतू अंगात जातील हे म्हणणं आमच्या कामाचा अपमान आहे.

शिवाय पेशीतले जीन बदलणं एवढं सोपं असतं तर खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये इतकी वर्षं डोकेफोड करावी लागली नसती. टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कर्करोगावरच्या कार-टी उपचारात खरोखरच जीन घातला जातो. त्यासाठी रुग्णाच्या रक्तातून टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात, खास तयार केलेल्या विषाणूच्या वाहनाने त्यांत जीन पोचवतात, पेशी वाढवतात, तपासतात आणि मग परत देतात. कातडीखाली टोचलेलं प्रथिन असलं काही करू शकत नाही. इन्सुलिन आपलं काम करतं आणि काही तासांत मोडून जातं.

‘केमिकलचा वास येतो’ असंही मेसेजमध्ये आहे. येतो, मेटाक्रेसॉलचा. कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घातलेलं असतं.

पैशांचं म्हणाल तर बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. कोट्यधीश वगैरे कोणी झालं नाही. पण त्यानंतर या औषधावर मोजक्या कंपन्यांनी प्रचंड पैसा केला आणि अमेरिकेत किमती इतक्या वाढवल्या की लोक डोस पुरवून पुरवून वापरू लागले, हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. आपल्याकडे साधं ह्यूमन इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. नवी पेनं मात्र महाग आहेत, ताईचा महिन्याचा खर्च मी बघते. कंपन्यांशी भांडायचं तर औषध स्वस्त करा म्हणून भांडा, बंद करा म्हणून नको.

राहिलं कारलं-जांभूळ आणि ‘लॅन्सेट’. मासुंदा तलावाच्या काठावर फेरी मारून कारल्याचा रस पिणाऱ्यांशी माझं काही वैर नाही. कारल्याने साखर थोडीफार उतरू शकते. म्हणूनच इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता ते सुरू केलं तर साखर नको तितकी खाली जाण्याचा धोकाही आहे. पण मेलेल्या बीटा पेशी रसाने उगवत नाहीत. ‘लॅन्सेट’मधला तो अभ्यास बहुधा २०१७ चा ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’. त्यात टाइप टूच्या रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरींचा आहार देऊन वजन उतरवलं आणि वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. मोठी गोष्ट आहे, टाइप टूवाल्यांनी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावं. पण त्या अभ्यासात घेतलेले सगळे टाइप टूचे होते, निदान होऊन सहा वर्षं न उलटलेले, आणि इन्सुलिनवर असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं! ज्या अभ्यासात इन्सुलिन घेणारा एकही माणूस नाही, त्याच्या जोरावर हा मेसेज इन्सुलिन बंद करायला सांगतो.

ज्यांच्या घरी टाइप वनचं मूल आहे त्यांच्यासाठी आणखी एक, कारण ही चूक मेसेज न वाचताही होते. ताप आला, पोराने जेवण टाकलं, म्हणून इन्सुलिनच दिलं नाही, असं करू नका. दीर्घकाळ चालणारं बेसल इन्सुलिन आजारपणातही चालू ठेवायचं असतं, डोस किती ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं आणि कीटोनच्या पट्टीने तपासणी करायची. साखर चढलेली असताना उलट्या आणि जोरात श्वास सुरू झाला असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची.