साडेचार माशे

सोनाराच्या काट्यावर ठेवलेली अंगठी, काट्यावर आकडा 7.2 ग्रॅम, आणि खाली एकच ओळ: 'भाईजान, हे जायज आहे का?' गावच्या जमातीच्या ग्रुपवर हा फोटो पडला तेव्हा मी मस्कतमधल्या रुवीच्या ऑफिसात महिनाअखेरचा हिशेब जुळवत होतो. करक चहा गार झाला. अंगठी माझ्या भाच्याची होती. म्हणजे खरं तर मीच निकाहसाठी त्याला मत्रहच्या सूकमधून घेऊन दिलेली. चांदीची, तांबूस अकीकचा खडा बसवलेली.

दुपारपर्यंत ग्रुपवर रान पेटलं होतं. कुणीतरी उर्दू फतवा टाकला: मर्दाने साडेचार माशांहून (माशा हे सोनारांचं जुनं वजन) कमी चांदीची एकच अंगठी घालावी. ग्रॅममध्ये 4.374. मग कुणी व्हिडिओ टाकला, कुणी त्या व्हिडिओला उत्तर देणारा व्हिडिओ. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका पोराने तर निकाहआधी नवऱ्याच्या अंगठीचं वजन करायची सूचना मांडली. तिला थम्स-अप देणाऱ्यांत माझा शाळेतला दोस्तही होता.

अरे, आपण शाफई. सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी, एक शाफई, एक हनफी. दापोली-खेडपासून श्रीवर्धनपर्यंतचे कोकणी मुसलमान पिढ्यान् पिढ्या शाफई आहेत, हे आता आम्हालाच आठवण करून द्यावं लागतं. साडेचार माशांचा, म्हणजे एका मिस्कालचा, काटेकोर हिशेब हनफींचा. त्यांचाही मान राखतो. त्यांचा आधार अबू दाऊदच्या संग्रहातल्या हदीसचा (पैगंबरांच्या वचनाचा) आहे: एकजण पितळेची अंगठी घालून आला, मग लोखंडाची घालून आला, शेवटी त्याला सांगण्यात आलं, चांदीची कर, पण पुरा मिस्काल भरू देऊ नकोस. पण तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी, जे शाफईच होते, लोखंडाच्या मनाईची ही रिवायत कमजोर ठरवली. नंतरच्या शाफई फकीहांचा (धर्मशास्त्र्यांचा) कल असा, की वजन उर्फवर, म्हणजे तुमच्यासारख्या माणसांत जे चालतं त्यावर सोडावं. आमच्या मशिदीतल्या जुन्या उस्तादांच्या करंगळीत चांगली जाडजूड चांदी होती. ती कुणी काट्यावर ठेवल्याचं मला आठवत नाही. पण फोन उघडला की शाफई बोलणारा एक भेटतो आणि हनफी बोलणारे पन्नास, तेही झकास उर्दूत. उर्दूत सांगितलेलं आम्हाला नेहमीच जास्त खरं वाटत आलंय.

इथलं सांगतो. परवा आमच्या सेक्शनच्या ओमानी साहेबाच्या मुलाचं लग्न झालं. नवऱ्याच्या कमरेला खंजर, म्यान चांदीच्या तारकामाने मढवलेलं, पट्ट्यालाही चांदी. अर्धा किलोच्या आसपास असावी, हा माझा अंदाज. हत्यारावरची चांदी फिकहने वेगळी धरली आहे, पुरुषाला ती चालते, आणि दागिना अंगावर मिरवायची ही केवढी देखणी वाट! चांदी बघून कुणी भुवई उंचावली नाही. ओमानी बरेचसे इबाजी पंथाचे, सलालाकडे शाफई, मशिदीत सगळे एका रांगेत. इथं कुणी कुणाच्या बोटाकडे बघत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं की ज्याबद्दल चारही मजहबांचं एकमत आहे त्या सोन्याबद्दल बोला. व्हाइट गोल्ड म्हणजे सोनंच, रंग पांढरा म्हणून ते चांदी होत नाही. प्लॅटिनमला बरेच आलिम हरकत घेत नाहीत, पण सासऱ्याच्या खिशाला ती असू शकते. गावातल्या किती निकाहांत सासऱ्याने अर्ध्या तोळ्याची अंगठी नवऱ्याच्या बोटात सरकवली आणि काजीसाहेब रजिस्टरात नाव लिहीत राहिले, तेही आठवा.

कुणीच उत्तर दिलं नाही. मग त्या मुंबईच्या पोराने लिहिलं: 'चाचा, तुमच्या लग्नाच्या फोटोत काय आहे?'

फोटो 1998 चा. डाव्या हाताची बोटं फुलांच्या सेहऱ्यावर, आणि त्यांतलं एक पिवळं चकाकतंय. अर्धा तोळा. सासऱ्यांनी दिलेली. मी ती हौसेने घातली आणि पुढे दोन वर्षं उतरवली नाही.

आणि 'इथं कुणी बोटाकडे बघत नाही' हेही तितकंसं खरं नाही. मस्कतला आल्यावरच्या पहिल्याच जुम्म्याला वजूच्या नळांवर शेजारी एक म्हातारा ओमानी बसला होता. हात धुताना त्याने माझ्या अंगठीवर बोट टेकवलं आणि विचारलं, 'जहब?' म्हणजे, सोनं? मी मान हलवली. तो रागावला नाही, काही समजावलंही नाही. आपली कुम्मा टोपी नीट करून आत गेला. मी अंगठी काढली आणि पँटच्या खिशात टाकली.

सहीह मुस्लिममधली हदीस मला तेव्हाही पाठ होती. पैगंबरांनी (स.) एकाच्या हातातली सोन्याची अंगठी काढून फेकली, म्हणाले, तुमच्यातला एखादा निखारा उचलून हातात घालतो. ते निघून गेल्यावर लोक त्याला म्हणाले, अंगठी उचल, तिचा काही उपयोग तरी कर. तो म्हणाला, अल्लाहची कसम, त्यांनी फेकलेली मी कधीच उचलणार नाही.

मी तर फेकलीसुद्धा नव्हती. पुढची तीन वर्षं सुट्टीला जाताना विमानातच ती परत बोटात चढवत होतो. आखातातून आलेल्या माणसाच्या हातात सोनं नसेल तर गावात विचारतात, काम बरं चाललंय ना? अल्लाहपेक्षा मला बंदरावरच्या दुकानाबाहेर बसणाऱ्यांची भीती जास्त होती, आणि मस्कतमध्ये त्या म्हाताऱ्याची. ती कायमची उतरली तेव्हा मी काही परहेजगार झालो नव्हतो. बोट जाड झालं होतं, एवढंच.

मजा बघा. लहानपणी दादी सांगायची, आपण अरब, गलबतांतून आलेले, म्हणून तर आपण शाफई. इथं इतकी वर्षं काढून माझ्या साहेबाच्या तोंडी मी 'हिंदी', म्हणजे भारतीय, आहे, प्रेमाने, पण हिंदीच. त्याच्या मुलाच्या लग्नात मी शर्ट-पँट घालून मागच्या रांगेत बसलो होतो. त्या खंजराच्या चांदीबद्दल वर जे भरभरून लिहिलंय ते तिथून दिसलं तेवढं. आणि गावात गेलो की चांदीची अंगठी बघून म्हणतात, 'अरबी झालास रे.'

ग्रुप मी म्यूट केला. बाहेर पडलो नाही. कोण गेलं, कुणाला मुलगा झाला, हे मग कळणार कसं?

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, 'मामू, मिटलं. सोनाराने खडा काढलान आणि नुसती चांदी तोललान. चार ग्रॅम एक.' म्हणजे हनफींच्या हिशेबातही जायज! त्यांच्याकडे वजन चांदीचं धरतात, खड्याचं नाही. हे त्या फतव्याखाली कुणी लिहिलं नव्हतं, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही.

'मग घातलीस?'

'खडा काढताना कोपऱ्यावर उडाला. सोनार म्हणतो, दुसरा बसवूया.' थोडं थांबून त्याने विचारलं, 'तुमची ती सोन्याची कुठाय, मामू?'

कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहे, मुदत संपलेल्या रेसिडन्ट कार्डांखाली. मी म्हटलं, बघतो.