मवाळांचं गाव

जगात कुठे काही पेटलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या काकांचा ठरलेला टोला येतो, "काय म्हणतंय रे तुझं हेग?" खाली तीन-चार हसरे चेहरे. मग नेहमीचा मुद्दा: बळी तो कान पिळी. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे दुबळ्यांनी स्वतःची काढलेली समजूत. नेहरूंनी त्या नादात काश्मीर युनोत नेलं, आता कुठे देश शहाणा झालाय.

'माझं हेग' म्हणावं इतकं काही माझं नेदरलँड्समधल्या या गावाशी नातं नाही. तेरा वर्षं इथे राहतो, बंदरबांधणीच्या एका कंपनीत हिशेब पाहतो आणि सायकलवरून कामाला जाताना, आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि लवाद जिथे बसतात त्या पीस पॅलेसच्या फाटकापुढून जातो, एवढंच. अँड्र्यू कार्नेगी यांनी दिलेल्या पंधरा लाख डॉलरांतून ही इमारत उभी राहिली, २८ ऑगस्ट १९१३ला तिचं उद्‌घाटन झालं. देशोदेशींच्या भेटी आल्या. रशियाच्या झारने तीन टनांहून जड फुलदाणी पाठवली. मी रोज ज्याच्यापुढून जातो ते लोखंडी फाटक जर्मनीने दिलं. वर्ष उलटायच्या आत त्याच जर्मनीचं सैन्य बेल्जियमची तटस्थता तुडवत निघालं होतं. हे मी काकांना कधी सांगितलेलं नाही. आयतं कोलीत कशाला द्या?

काका ज्याची टिंगल करतात त्या विचाराला पुस्तकात 'उदारमतवादी आंतरराष्ट्रीयवाद' असं जडशीळ नाव आहे. आपल्याकडे त्याला शंभर वर्षांपूर्वीचा चांगला शब्द तयार आहे: मवाळ. युद्ध हा काही निसर्गनियम नव्हे. करार, संस्था, लवाद, व्यापार यांच्या जोरावर राष्ट्रांचा आपसातला व्यवहार हळूहळू सुधारता येतो, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटपासून (१७९५) चालत आलेलं मवाळांचं म्हणणं. जहालांच्या, म्हणजे सत्ताच खरी मानणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत धारदार लिहिलं ते ब्रिटिश इतिहासकार ई. एच. कार यांनी, १९३९मध्ये. साऱ्या जगाचं हित एकच आहे असं सांगणारे बहुतेकदा स्वतःचंच हित जगाच्या नावावर खपवत असतात, हा त्यांचा आरोप. हे लिहिताना ते वेल्समधल्या ॲबरिस्टविथला ज्या अध्यासनावर होते, त्याचं नाव मात्र पहिल्या महायुद्धावेळचे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावरून वुड्रो विल्सन अध्यासन. म्हणजे मवाळांच्या आद्य दैवताच्या गादीवर बसून त्यांनी मवाळांची सालं काढली. पण निव्वळ सत्तेच्या हिशेबावर राष्ट्रांचा कुठलाच समाज उभा राहत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. फॉरवर्डमध्ये तेवढा भाग येत नाही.

आणि आपले सर्वांत मोठे जहाल काय करत होते? पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा टिळक लंडनमध्ये होते. विल्सन स्वयंनिर्णयाची भाषा बोलत होते. टिळकांनी त्यांना आणि पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्रं लिहिली: हा न्याय हिंदुस्थानालाही लावा. त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही. तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या. त्याच परिषदेत राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं तत्त्व घाला, अशी दुरुस्ती जपानने मांडली. सतरापैकी अकरा मतं तिच्या बाजूने पडली, आणि एकमत नाही म्हणून विल्सननीच ती बाजूला सारली. काका इथे टाळी वाजवतील, आणि वाजवावीच. पण टिळक भोळे होते म्हणून त्यांनी पत्र लिहिलं, असं म्हणायची छाती काकांनाही होणार नाही. बलाढ्याने तोंडाने उच्चारलेलं तत्त्व कागदावर उतरवून त्याच्याच दारात नेऊन ठेवायचं. आज नाही पावलं तर उद्या. मला सुधारणावाद कळतो तो असा. जग भलं आहे असा विश्वास त्याला लागत नाही, चिकाटी मात्र दांडगी लागते.

उद्या पावल्याचं एक उदाहरण या गावाशी आणि आपल्याशी, दोघांशीही जोडलेलं आहे, आणि दोन्हीकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. जुलै १९४७मध्ये डच फौजा स्वातंत्र्य जाहीर केलेल्या इंडोनेशियात, जावा-सुमात्रात घुसल्या. त्याला त्यांनी नाव दिलं 'पोलीस कारवाई', कारण पोलीस म्हटलं की मामला घरचा ठरतो. ३० जुलैला भारताने आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला. तारीख पुन्हा पाहा. आपल्या स्वातंत्र्याला अजून सोळा दिवस होते. ज्याच्या स्वतःच्या घराचा ताबा मिळायचा आहे, तो शेजाऱ्याच्या घरावरच्या जप्तीविरुद्ध अर्ज घेऊन उभा! १ ऑगस्टला परिषदेने लढाई थांबवायला सांगितलं. ही आमची अंतर्गत बाब आहे, असं डच सांगत राहिले. डिसेंबर १९४८मध्ये त्यांनी दुसरी 'पोलीस कारवाई' केली, तेव्हा जानेवारीत दिल्लीला आशियाई देशांची परिषद भरली आणि डच विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला मनाई झाली. अखेर वाटाघाटी झाल्या त्या याच हेगमध्ये, आणि २७ डिसेंबर १९४९ला सार्वभौमत्व हस्तांतरित झालं.

नुसत्या ठरावांनी हे झालं का? नाही. इंडोनेशियाचे लोक लढत होते आणि मार्शल योजनेचा, म्हणजे युद्धाने मोडलेल्या युरोपला अमेरिका देत असलेल्या मदतीचा पैसा आटेल अशी भीती वॉशिंग्टनने घातली होती. पण पैशाचं ते हत्यार डचांवर उगारायला अमेरिकेला भाग पडलं, त्याचं एक मोठं कारण युनोत चाललेला बोभाटा. मवाळ आणि जहाल हे दोन पक्ष म्हणून वाचायला सोपे. प्रत्यक्षात काम झालं ते दोघांचा धक्का एकाच दिशेने बसला म्हणून.

आता आपल्या काळाकडे येतो. १७ जुलै २०१९ला पीस पॅलेसमधल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल लागला; हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली होती. काकांचे त्या दिवशी अकरा मेसेज आले, त्यांत एकही टोला नव्हता. पंधरा विरुद्ध एक! चिनी न्यायाधीशसुद्धा बहुमतात! बळी-कानपिळीचं त्या दिवशी कुणी नावही काढलं नाही. भारताने आधार घेतला होता तो १९६३च्या व्हिएन्ना कराराचा: परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू द्यायचा. न्यायालयाने जाधवांना सोडा म्हटलं नाही, शिक्षाही रद्द केली नाही. तिचा परिणामकारक फेरविचार करा, म्हटलं. मवाळांचा विजय असाच असतो, अर्धा आणि संथ. तरीही त्या माणसासाठी दुसरा कुठला दरवाजा उघडा होता, ते जहालांनी मला सांगावं.

त्याच्या पाच वर्षं आधीच्या निकालाचा मात्र ग्रुपवर पत्ताच नव्हता. बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीवरून बांगलादेशाने भारताला लवादात खेचलं होतं. सुनावणी इथेच झाली. जुलै २०१४मध्ये निकाल आला: वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर बांगलादेशाला. आपण हरलो आणि निकाल मुकाट्याने मान्य केला. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या आपल्या परराष्ट्र धोरणातल्या उत्तम गोष्टींपैकी ही एक. दोन वर्षांनी दक्षिण चीन समुद्रावरच्या हक्कांबद्दल लवादाने विरोधात दिलेला निकाल चीनने केराच्या टोपलीत टाकला, तेव्हा सागरी कायद्याचा मान राखा असं भारत म्हणू शकला, आणि कुणाला हसू आलं नाही.

युरोपीय मित्रांशी माझं भांडण वेगळं आहे. 'नियमांवर चालणारी व्यवस्था' हे शब्द ते असे उच्चारतात, जणू ती त्यांनी पिकवली आणि बाकीच्यांना वाटली. २०२५मध्ये अमेरिकेने युद्धगुन्ह्यांबद्दल व्यक्तींवर खटले चालवणाऱ्या इथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे अभियोक्ते आणि काही न्यायाधीश यांच्यावर निर्बंध घातले, तेव्हा ऑफिसात सुतकी चेहरे होते. मला नवल वाटलं ते त्यांच्या नवल वाटण्याचं. आपला माणूस या न्यायालयाच्या ताब्यात गेला तर त्याला सोडवायला लागेल ते सगळं करायची मुभा देणारा कायदा अमेरिकेने २००२मध्येच केला होता. इथे त्याला गमतीने 'हेगवरच्या स्वारीचा कायदा' म्हणतात. व्यवस्था आज मोडली असं यांना वाटतं. आमच्याकडच्यांना ती कधी नीट उभीच नव्हती हे ठाऊक आहे, म्हणून डागडुजीची भाषा आम्हाला लवकर कळायला हवी.

कळते का? सुरक्षा परिषदेच्या सुधारणेवर आपल्याकडे बोलणं निघालं की ते पाच मिनिटांत कायमच्या जागेवर येऊन थांबतं. १९६५मध्ये परिषद अकरावरून पंधराची झाली, ती नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या रेट्यामुळे. त्यानंतर काहीच नाही. नकाराधिकाराला लगाम घालायचा की तो आपल्यालाही हवा? वाड्यात राहायला जाणं आणि वाड्याचे नियम बदलणं यांत फरक आहे, आणि आपली नजर वाड्यावर आहे असं मला इथून दिसतं.

२०२५मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने १९६०चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. त्याच नदीखोऱ्यातल्या धरणांवरून पीस पॅलेसमध्ये एक लवाद बसलेला आहे, तो आपण मानत नाही. शेजारच्या टेबलावरच्या डच सहकाऱ्याने मला विचारलं, "तुमचं यावर काय म्हणणं?" मी पंधरा मिनिटं बोललो. दहशतवाद, पाणी, लवादाच्या स्थापनेवरचे आक्षेप, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याचे आजोबा १९४८मध्ये जावात सैनिक होते. तो म्हणाला, "आजोबांकडेही कारणं होती. तेही म्हणायचे, बाहेरच्यांना यातलं काय कळतंय."

तुलना मला मान्य नव्हती, अजूनही नाही, आणि मी तसं त्याला स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी फाटकापुढून परतताना फोन वाजला. काकांनी लिहिलं होतं, "काय म्हणतंय तुझं हेग?" उत्तर टाइप केलं, वाचलं, पुसलं आणि पॅडल मारलं.