‘काळी मेंदी’ दहा मिनिटांत? नाही हो!
‘शंभर टक्के नैसर्गिक काळी मेंदी, दहा मिनिटांत केस काळेभोर’ असा मेसेज फिरतोय. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य तांबूस-केशरी रंगच देतं. पांढऱ्या केसांवर तर थेट गाजर! झटपट काळं करणाऱ्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, बहुधा पीपीडी हे रसायन सापडेल. त्याची ॲलर्जी असली की कानामागे खाज सुटते, फोड येतात.

झाडपाल्यानंच केस काळे करायचे तर आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ. म्हणजे नीळीच्या पाल्याची पूड, कपड्यांची नव्हे! ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची, लिंबू न पिळता. बॉयकटला दोन्ही पन्नास-पन्नास ग्रॅम पुरतात. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. रंग दोन दिवसांत गडद होतो. तोवर शाम्पू नको.