दुबई जवळ, मग भाडं लांबचं का? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

राम राम भाऊ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की तुमचा केळीचा डबा (कंटेनर) दुबईला पाठवताना आम्ही लुबाडलं. नाशिकच्या तुमच्या व्याह्यांची द्राक्षं रॉटरडॅमला जातात, दुबई त्याच्या पाव हिश्शानेही लांब नाही, मग भाडं पाव का नाही? वर बोट चार दिवसांची आणि केळी ग्राहकाच्या हातात अकराव्या दिवशी.

पहिली तक्रार मला मान्य नाही. दुसरी आहे.

आपलं न्हावाशेवा बंदर ते दुबईचं जेबेल अली बंदर साधारण 1,200 सागरी मैल. रॉटरडॅम सुएझमार्गे 6,300च्या आसपास, आणि 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, म्हणजे 10,000च्या वर. पण भाऊ, समुद्र हा बिलातला एक तुकडा. सावद्यात ट्रक भरला की तो भुसावळला न्या नाहीतर दिल्लीला, हमाली तीच ना? तसंच इथे. कसारा घाट उतरेपर्यंतचं डिझेल, रिकामा रीफर (माल थंड ठेवणारा डबा) तपासून आणणं, दोन्ही बंदरांवरची क्रेन, विजेचा प्लग लावून 13.5 अंश टिकवणं, कागदपत्रं. दुबई जवळ आहे म्हणून यातलं काही सुटत नाही. शिवाय युरोपची बोट मोठी, तिचं इंधन हजारो डब्यांत वाटलं जातं. आखाताची बोट बहुधा लहान, चार दिवस चालली की पुन्हा बंदरात उभी. उभी बोट कमवत नाही.

आता अकरा दिवस. सावद्याहून बंदराच्या गेटात एक, बोट सुटेपर्यंत दोन, समुद्रात चार. झाले सात. उरलेले चार दिवस तुमचा डबा जेबेल अलीच्या आवारात उभा होता, कारण कागद पोचला नव्हता.

युरोपच्या मालाचं ओरिजिनल बीएल (बिल ऑफ लेडिंग, ज्यावर माल सुटतो तो बोटीचा कागद) कुरिअरने आरामात पोचतं, बोट अजून समुद्रातच असते. दुबईला बोटच कागदाच्या आधी लागते. म्हणून तिथे पैसे आले की बीएल इथेच सरेंडर करायचं, म्हणजे ओरिजिनल बोट कंपनीला परत द्यायचं, मग मेलवर माल सुटतो. (पैशाआधी केलं तर मालावरचा ताबा जातो, म्हणून तुमच्या होकाराशिवाय आम्ही ते करत नाही.) बोट सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा ‘पेमेंट आलं, सोडा’ असा मेसेज आला होता. आमच्या पोराने ‘बरं भाऊ’ असं उत्तर दिलं आणि युरोपच्या सवयीने तिन्ही ओरिजिनल कुरिअरच्या पाकिटात घातली. मी फाईल उघडली तेव्हा कुरिअरची पावती वरच टाचलेली होती.

तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या खोक्यातल्या फण्यांवर पिवळी झाक दिसते. एक फणी पिकली की शेजारचीला ओढते, हे तुम्हाला मी काय सांगू!

त्या चार दिवसांचं डिमरेज (डबा उभा राहिल्याचा आकार) आणि प्लगचे पैसे आमच्या अंगावर. भाव पडला त्याचा फरक ग्राहकाचं पत्र घेऊन या, ऑफिसात बसून ठरवू. भाडं मात्र कमी होणार नाही.

दुबईच्या प्रत्येक फाईलवर आता लाल शाईत ‘सरेंडर?’ लिहायला लावलंय. पुढच्या डब्याचं पेमेंट आलं की मेसेज नको, थेट मला फोन करा.